काहिलीचा कानोसा

ज्या वर्षी जगातली सगळी ॲपं फुकट झाली, नेमकं त्याच वर्षी ऋतुजा मगदूमला स्वतःचं ॲप विकून पोट भरायचं सुचलं. तिची आई म्हणाली, "तुला नाही ती अवदसा आठवते." आईचं अगदीच चुकत होतं असं नाही.

झालं होतं असं, की बाजारात सांगकाम्या आला होता. यंत्राचं खरं नाव भारदस्त आणि परदेशी होतं, पण आपल्याकडच्या लोकांनी दोन दिवसांत त्याचं नवं बारसं करून टाकलं. फोनला तोंडी सांगायचं, "बाबा रे, मला दुधाचा रतीब लिहून ठेवणारं ॲप पाहिजे," आणि चहाला उकळी येईतो ॲप तयार. चूक निघाली तर तीही तोंडी सांगायची, तो मुकाट्यानं दुरुस्त करायचा. याआधीची यंत्रं प्रोग्रामरला मदत करायची. या यंत्रानं प्रोग्रामरलाच रजा दिली.

ऋतुजा पुण्यात एका खोलीत बसून सहा वर्षं एकटीनं धंदा करत होती. डोक्यावर साहेब नाही, शेजारी भागीदार नाही, कुणा गुंतवणूकदाराचं भांडवल नाही. तिची दोन ॲपं होती. एक शाळेची व्हॅन कुठवर आली ते आयांना सांगायचं, दुसरं सोसायट्यांच्या पाण्याच्या टँकरांचं वेळापत्रक लावायचं. तीन आठवड्यांत दोन्ही ओस पडली. एका बाईंनी तर प्रेमानं कळवलं, "तुमचं ॲप छान होतं हो, पण मी माझं करून घेतलं." आता यावर रागवायचं तरी कसं?

ती महिनाभर कपाळाला हात लावून बसली आणि मग विचाराला लागली. सांगकाम्याला काय येत नाही? त्यानं आजवर लिहिलं गेलेलं सगळं वाचलेलं होतं. म्हणजे जे कुणी कधी लिहिलंच नाही, तेवढंच त्याला येत नसणार. पण जे कुठं लिहिलेलं नाही ते सापडायचं कुठं?

ते सापडलं काकवी आणायला गेल्यावर.

ऋतुजाचं गाव शिंगणवाडी, पन्हाळ्याच्या पायथ्याचं. दिवाळीला घरी आली असताना आईनं तिला किटली देऊन बाजीरावअण्णा मोरबाळ्यांच्या गुऱ्हाळावर पिटाळलं. तिथं भल्यामोठ्या लोखंडी कढईत, म्हणजे काहिलीत, उसाचा रस रटरटत होता, दोघं जण लाकडी फावड्यांनी ढवळत होते आणि काहिलीकडं पाठ करून, डोळे मिटून एक सत्तरीचा म्हातारा उभा होता. ऋतुजाला वाटलं, याला झोप लागली. एवढ्यात म्हातारा म्हणाला, "उतरवा." लगेच चार माणसांनी यारीची कप्पी ओढून काहील उचलली आणि वाफ्यात, म्हणजे गूळ निवायला केलेल्या उथळ हौदात, ओतली.

हा येसबा सासने. त्या गुऱ्हाळाचा गुळव्या. रस नेमका कधी गूळ झाला हे सांगणारा माणूस. आधी उतरवला तर गूळ मऊ, चिकट होतो आणि पावसाळ्यात पाझरतो. उशीर झाला तर करपतो. मधली वेळ जेमतेम अर्ध्या मिनिटाची. एक काहील म्हणजे एक आधण, आणि एका आधणात टन-दीड टन ऊस तरी सहज जातो. तो सगळा त्या अर्ध्या मिनिटावर.

"आज्जा, तुम्ही बघितलंच नाही की काहिलीकडं," ऋतुजा म्हणाली.

"बगायचं काय त्यात? वाफंत काय दिसतंय? ती बोलती की. ऐकायचं."

हे तर कुणी कुठं लिहिलेलं नव्हतं. तिनं तिथंच फोन काढून आवाज टिपायला सुरुवात केली.

म्हाताऱ्याचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. उकळणाऱ्या रसातला प्रत्येक बुडबुडा फुटताना स्वर काढतो. बुडबुडा लहान असला तर स्वर उंच, मोठा असला तर खालचा. रस पातळ असतो तेव्हा हजारो बारीक बुडबुडे भराभर फुटतात आणि सगळा मिळून नुसता सूंऽऽ असा आवाज होतो. पाणी आटत जातं तसा पाक घट्ट होतो, बुडबुड्याची कातडी जाड होते, तो फुगतो, ताणतो आणि मग सावकाश फुटतो. स्वर उतरतो, दोन स्वरांमधली फट वाढते. थर्मामीटर फक्त तापमान सांगतो, पण प्रत्येक ऊस निराळा, जमीन निराळी, रसातली मळी निराळी. बुडबुड्याची कातडी मात्र या सगळ्याची बेरीज एका आवाजात सांगून टाकते. फोनच्या कानाला ती बेरीज ऐकू येत होती. तिचा अर्थ लावायला येसबा पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी ती माईक, तारा, बॅटरी असं लटांबर घेऊन गुऱ्हाळावर गेली. अण्णांनी तिला खुर्ची दिली, केळीच्या पानावर गरम गूळ आणि शेंगदाणे दिले, आणि मगदुमांची पुण्याची लेक आली म्हणून खास आधण लावलं. त्याच सकाळी तोडलेला ऊस घेतला. रसातली मळी वर यावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, तो दुप्पट घातला. चुलाणाचा जाळही मंद ठेवला. सोन्यासारखा गूळ उतरला. ऋतुजा खूश.

येसबा तोंडात तंबाखू धरून तिच्याकडं बघत होता. पिंक टाकून तो म्हणाला, "पोरी, पावणी हाईस तवर तुला कायबी कळायचं न्हाई. पावण्यापुढं काहीलबी शहाण्यासारखी वागती. उद्या पहाटं ये. चिपाडं वढायला."

आणि ती गेली. पहिला महिना तिनं माईक लावलाच नाही. रस काढून उरलेली उसाची चिपाडं वाळवायची, ती ओढून चुलाणापाशी न्यायची, हे तिचं काम. हाताला फोड आले, केसांना धुराचा वास लागला, आईनं बोलणं सोडलं. दीड महिन्यानं एके दिवशी ती आली तेव्हा कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. अण्णांनी खुर्ची दिली नाही, गूळ दिला नाही. त्या दिवशी चार दिवस पडून राहिलेला ऊस होता, भेंडी संपली होती, जाळ लावणारा माणूस चिडलेला होता आणि आधण कसंबसं उतरलं. ऋतुजानं तेव्हा माईक लावला.

असे तीन हंगाम गेले. काहिलीत रस पडल्यापासून ती उतरेपर्यंत एकूण एक आधण तिनं टिपलं आणि येसबा कधी "अजून" म्हणाला, कधी "उतरवा" म्हणाला, ते त्याला जोडलं. यंत्र त्यावर शिकलं. तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच ॲप तयार झालं, त्याचं नाव तिनं 'कानोसा' ठेवलं. फोन काहिलीजवळ टांगायचा, तो ऐकत राहायचा आणि वेळ झाली की शिटी द्यायचा. एखादं आधण त्याच्या ओळखीचं नसेल तर तो सरळ सांगायचा, "मला खात्री नाही. माणूस बोलवा." हे वाक्य त्याला ऋतुजानं शिकवलं होतं आणि त्याचा तिला फार अभिमान होता. सांगकाम्याला 'मला माहीत नाही' हे तीन शब्द तेवढे येत नव्हते.

धंदा कसा करायचा हेही तिला येसबानंच शिकवलं. तिनं आधी पुण्याच्या सवयीनं महिन्याची वर्गणी ठेवली. कुणी घेईना. येसबा हसला.

"गुळव्याला कुणी महिन्याचा पगार देतंय व्हय? आधणामागं घे. आन एक ध्यानात ठेव. गूळ वाफ्यात घट्ट बसंस्तवर गुळव्या गुऱ्हाळ सोडत न्हाई. आन आधण बिघडलं तर त्याचं पैसं घेत न्हाई."

"आज्जा, असं केलं तर मी बुडेन."

"मी बुडलो का?"

ऋतुजानं तसंच केलं. आधणामागं पैसे, बिघडलं तर माफ, आणि फोननं 'माणूस बोलवा' म्हटलं तर मोटरसायकलला किक मारून स्वतः हजर. जे येईल त्यातलं निम्मं येसबाचं, कारण कान त्याचा होता. तिसऱ्या हंगामाअखेर त्रेसष्ट गुऱ्हाळांवर कानोसा टांगलेला होता आणि ऋतुजानं पुण्याची खोली सोडली. याच सुमाराला येसबाचे खरे कान गेले. शेजारी उभं राहून ओरडलं तरच ऐकू यायचं. त्याला त्याचं फार वाईट वाटलं नाही. "माजं कान तुज्या फोनात हाईत की," असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

आणि मग चौथ्या हंगामात सहस्रक आली.

सहस्रक ही बेंगळुरूची अगडबंब कंपनी. तिचं ॲप 'गूळमित्र'. दिसायला देखणं, गोड आवाजात बोलणारं आणि साफ फुकट. कंपनीची माणसं पावसाळ्याआधी येऊन तीस गुऱ्हाळांचे आवाज टिपून गेली होती, बाकीचं काम सांगकाम्यानं एका दुपारी उरकलं होतं. "गुळव्याची गरज नाही," असं त्याच्या जाहिरातीतच लिहिलेलं होतं. डिसेंबर उजाडेपर्यंत ऋतुजाची त्रेसष्टाची सात गुऱ्हाळं उरली. सोडून गेलेल्यांत पहिलं नाव बाजीरावअण्णांचं होतं.

ते समोर भेटले तेव्हा बिचारे ओशाळले. "पोरी, तुज्यावर राग न्हाई बग. पर फुकट मिळतंय म्हटल्यावर..."

"नाही अण्णा, बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली आणि घरी येऊन पोटभर रडली.

डिसेंबरच्या शेवटी नंदिता बर्वे तिला भेटायला आल्या. सहस्रकच्या या भागाच्या त्या प्रमुख होत्या. बाई सरळ होत्या, उगाच गोड बोलत नव्हत्या.

"ऋतुजा, तुम्ही एकटीनं जे केलंत ते आमच्या पन्नास जणांना सुचलं नव्हतं. म्हणून तर आम्ही नक्कल केली. आता आमच्याकडेच या. तुमची तीन वर्षांची ध्वनिमुद्रणं घेऊन या. पगार तुम्ही म्हणाल तो. संक्रांतीपर्यंत उत्तर द्या."

"आणि येसबा?"

"त्यांच्या नावानं आभार मानू की ॲपमध्ये," नंदिता म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी मान खाली घातली.

ऋतुजानं मनाशी हिशेब बांधला. सात गुऱ्हाळांवर ती स्वतः कशीबशी जगली असती, पण येसबाला काय दिलं असतं? म्हातारा काही बोलत नव्हता. पण परवाच तो वरच्या आळीत कुणाकडं तरी राखणीचं काम आहे का असं विचारताना तिच्या आईला दिसला होता. पन्नास वर्षं ज्याच्या एका शब्दावर काहिली उतरल्या, तो आता रानात डुकरं हाकलायला बसणार होता. कान विकून बेंगळुरूला जायचं की येसबाला बरोबर घेऊन बुडायचं, एवढाच प्रश्न उरला होता. तिनं सहस्रकचं पत्र उशीखाली ठेवलं आणि संक्रांतीला सही करायची असं जवळजवळ ठरवलं.

संक्रांतीला सहा दिवस राहिले असताना सकाळीच अण्णांचा फोन आला. गुळाला वर्षातला सगळ्यात मोठा उठाव याच आठवड्यात असतो.

"ऋतुजा, येसबाला घिऊन ये. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं अण्णा?"

"गेल्या आठवड्याचा समदा गूळ मार्केटातनं माघारी आला. बोट लावलं की आत जातंय. माजाच न्हाई, निम्म्या तालुक्याचा तसाच झालाय. पाच दिवस गुऱ्हाळ बंद हाय. तोडलेला ऊस तसाच पडलाय. आज आधण न्हाई निघालं तर समदा ऊस गुरांपुढं टाकावा लागंल."

येसबाला मागं बसवून ती पोचली तेव्हा नंदिता बर्वे तिथं आधीच येऊन उभ्या होत्या. निम्म्या तालुक्याची ओरड त्यांच्यापर्यंतही गेली होती. आजूबाजूच्या गुऱ्हाळांचे मालकही जमले होते. नंदिता फोनवर कुणाला तरी विचारत होत्या, "पण ऑफिसात तर शंभरातली नव्याण्णव बरोबर येत होती ना?"

ऋतुजानं परत आलेल्या ढेपेत बोट खुपसलं. बोट आत गेलं. ती बराच वेळ त्या खड्ड्याकडं बघत राहिली आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला.

"नंदिताताई, तुमची माणसं आवाज टिपायला आली तेव्हा त्यांना केळीच्या पानावर गूळ मिळाला होता?"

"हो, प्रत्येक ठिकाणी. फार प्रेमानं वागवलं सगळ्यांनी. का?"

"आणि खुर्ची?"

"खुर्चीसुद्धा."

ऋतुजा अण्णांकडं वळली. "अण्णा, त्या दिवशी भेंडी किती घातली होती?"

अण्णा डोकं खाजवायला लागले. "आता... लांबनं पावणं आलं हुतं. घातली आसंल दुप्पट."

"ऊस?"

"त्याच सकाळचा. पावण्याफुडं काय शिळा ऊस घालायचा?"

बाकीचे मालक एकमेकांकडं बघायला लागले. एक जण हळूच म्हणाला, "आमी तर तूपबी सोडलं हुतं दोन चमचं." मग सगळेच हसायला लागले, आणि हसता हसता एकेकाचा चेहरा उतरला, कारण आपला गूळ आपल्याच पाहुणचारानं बुडवला हे त्यांच्या लक्षात आलं.

ऋतुजानं नंदितांना समजावून सांगितलं. भेंडीनं मळी निघाली की पाक निर्मळ होतो आणि बुडबुड्याची कातडी पाकाइतकीच जाड राहते. गूळमित्रानं तेवढंच ऐकलं होतं. रोजच्या आधणात घाईगर्दीत मळी राहते. ती बुडबुड्याच्या कातडीला चिकटून तिला आधीच जाड करते. मग आत पाणी शिल्लक असतानाच बुडबुडा सावकाश फुटायला लागतो, आणि गूळमित्राला वाटतं की गूळ झाला. तीसच्या तीस गुऱ्हाळांनी त्याला खास आधणं ऐकवली होती. त्यानं उभ्या जन्मात साधा गूळ ऐकलाच नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला ताज्या उसावर आणि भरपूर भेंडीवर ते निभावून गेलं होतं, संक्रांतीच्या घाईत उघडं पडलं.

नंदिता हुशार होत्या, त्यांना लगेच पटलं. "मग सोपं आहे. माणसं पुन्हा पाठवते. रोजची आधणं टिपून घेऊ."

"पाठवा की," ऋतुजा म्हणाली. "त्यांच्यासाठी पुन्हा खास आधण होईल."

"आम्ही सांगू, की साधंच करा."

अण्णांना हे ऐकून खरोखरच वाईट वाटलं. "आसं कसं ताई? दारात आलेल्या माणसाला साधं कसं द्यायचं?"

मग अण्णांनीच विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. मला एक सांगा. आजचं आधण तुमच्या ॲपवर लावलं आन बिघडलं, तर हितं बसणार कोण?"

"म्हणजे?"

"म्हंजे जाब कुणाला इचारायचा? गुळव्या वाफ्याजवळ बसतो. तुमचं कोण बसतंय?"

नंदितांनी खरं ते सांगितलं. "कुणीच नाही. अटींमध्ये लिहिलेलं आहे, वापरणाऱ्याच्या जबाबदारीवर."

"मग मी बसते," ऋतुजा म्हणाली.

काहील चढली. पाच दिवस शिळा ऊस, भेंडी जेमतेम, घाईचा जाळ. कानोसा टांगून तीन तास झाले. रस तांबूस झाला, मग गडद. फोनच्या पडद्यावरची रेघ खाली सरकत होती. सगळे शिटीची वाट बघत होते आणि शिटीच्या ऐवजी फोन म्हणाला, "मला खात्री नाही. माणूस बोलवा."

एवढा शिळा ऊस त्यानंही कधी ऐकला नव्हता. जमलेल्या मालकांत कुजबुज झाली. ऋतुजानं येसबाकडं बघितलं. येसबानं थंड पाण्यात हात बुडवला, बोटाला पाक घेऊन तो कितपत आटला ते बघायला त्याची गोळी वळली, चोळली आणि खिशात टाकली.

"आज्जा, सांगा की," ती त्याच्या कानाशी ओरडली.

"मला ऐकू येत न्हाई. तुला काय ऐकू येतंय?"

"माझं सोडा. गोळी कशी आहे?"

"गोळीचं मी बगतो. तू ऐक."

अर्धं मिनिट. त्यापेक्षा जास्त वेळ नव्हताच. अण्णांचा ऊस, येसबाचं नाव, उशीखालचं पत्र, सगळं त्या काहिलीत रटरटत होतं. तिनं पडद्याकडं बघणं सोडून दिलं, काहिलीकडं पाठ केली आणि डोळे मिटले.

आधी नुसता गोंगाट होता. मग जाळाचा आवाज बाजूला पडला, माणसं बाजूला पडली. खालून फुगून येणारा बुडबुडा ऐकू आला. बद्द. मग थोडी फट. पुन्हा बद्द. या आवाजात काहीतरी ओलसर होतं. मळीनं जाड झालेल्या बुडबुड्याचा आवाज कसा असतो हे तिला ठाऊक होतं, चिपाडं ओढत ओढत तिनं तो शेकडो वेळा ऐकला होता. हा अजून खोटं बोलत होता.

"अजून," ती म्हणाली.

अण्णा पुढं झाले. "करपंल गं."

"अजून."

बद्द. फट वाढली. बद्द. आणि मग एक बुडबुडा फुटला तो कोरडा, आत पाणी नसलेला. त्याच्यापाठोपाठ दुसरा.

"उतरवा."

यारी कुरकुरली, काहील उचलली, पाक वाफ्यात पसरला. गूळ निवायला तास-दीड तास लागतो. ऋतुजा वाफ्याच्या काठावर मांडी घालून बसली. येसबा तिच्या शेजारी बसला. नंदितांची गाडी दारात उभी होती, पण त्याही गेल्या नाहीत. त्या दीड तासात ऋतुजाला आपण बेंगळुरूला कुठल्या मजल्यावर बसू, तिथून काय दिसेल, असले वेडेवाकडे विचार येऊन गेले. गूळ साच्यांत भरला, निवला, आणि अण्णांनी पहिली ढेप उपडी केली. येसबानं बोट टेकवलं. बोट आत गेलं नाही. त्यानं बोटाच्या पेरानं ढेप ठोकली, दारावर टकटक करावी तशी.

"वाजली का?" त्यानं विचारलं.

"वाजली," ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"रंगाला जरा काळा हाय," येसबा म्हणाला. "पर गूळ हाय." मग खिशातली गोळी काढून तिच्या हातावर ठेवत तो म्हणाला, "तू 'अजून' म्हणालीस तवाच मला ठावं हुतं, अजून हाय म्हणून. बोललो न्हाई."

"आणि मी चुकले असते तर?"

"तर मी बोललो असतो की. येवडा काय मी येडा न्हाई."

संक्रांतीपर्यंत एकेचाळीस गुऱ्हाळं परत आली आणि नंतरच्या महिन्याभरात राहिलेलीही. बाहेरच्या तालुक्यांतूनही बोलावणी आली, पण ऋतुजानं शंभरावर थांबायचं ठरवलं. हाक आली की मोटरसायकलवर तासाभरात पोचता येईल तेवढीच गुऱ्हाळं घ्यायची, असा तिनं नियम केला. ज्या आधणाशेजारी आपण बसू शकत नाही ते आपलं नाही. सांगकाम्याशी तिचं भांडण नव्हतंच. कानोसाचं लिहिण्याचं काम तीही आता त्यालाच सांगायची आणि वाचलेल्या वेळात वाफ्याच्या काठावर बसायची. पुण्यातल्या तिच्या धंदा बुडालेल्या मैत्रिणी येऊन हे बघून गेल्या. त्यांतली एक आता भट्टीवाल्यांची भट्टी ऐकते, दुसरी विहिरींचे पंप. सगळ्यांच्या ॲपना एक वाक्य येतं, 'माणूस बोलवा', आणि त्यांतली प्रत्येक जण हाक आली की खरंच जाते.

राखणीचं काम येसबानं घेतलं नाही. त्याला वेळच नव्हता. शंभर गुऱ्हाळांतली नवखी पोरं त्याच्याकडं गोळी वळायला शिकायला यायची आणि तो त्यांना आधी चिपाडं ओढायला लावायचा.

संक्रांतीच्या सकाळी ऋतुजानं सहस्रकला नकार कळवला. दुपारी अण्णांच्या गुऱ्हाळावर गेली तर नंदिता बर्वे आलेल्या होत्या, या वेळी कंपनीच्या कामासाठी नाही, सहज. ऋतुजाला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, "खरं सांगा, आमच्या माणसांना हे शिकायला किती दिवस लागतील?"

"त्यांचं पाहुणेपण जाईपर्यंत," ऋतुजा म्हणाली.

तेवढ्यात अण्णांची लगबग सुरू झाली. नंदितांना खुर्ची आली, केळीचं पान आलं, तीळ लावलेला गरम गूळ आला. कुणीतरी दुप्पट भेंडी आणायला पळालं, कारण ताईंसाठी खास आधण लागणार होतं. ऋतुजा खांबाला टेकून हा सोहळा बघत होती. अण्णांचं तिच्याकडं लक्ष गेलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आन तू काय बगत उभी ऱ्हायलीस गं? जाळ कमी पडलाय. चिपाडं वढ जरा."

ऋतुजानं ओढणी कमरेला खोचली, तोंडभरून हसली आणि चिपाडांचा भारा ओढायला गेली.